सर्रा आणि दख्खनची म्हैस : सीमाभागातील एका रक्तरोगाचा इतिहास

कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यात मेहकर हे गाव आणि त्याच्या आसपासची मराठी बोलणारी खेडी ज्या पठारावर वसली आहेत, ते मांजरा आणि तिची उपनदी कारंजा यांच्या खोऱ्यातले, कुठे काळ्या तर कुठे जांभ्या मातीचे पठार आहे. येथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असल्यामुळे पीक हातचे गेले तरी घरात रोजचा पैसा आणणारे साधन म्हणून दावणीच्या म्हशीला पिढ्यान्‌पिढ्या महत्त्व मिळाले आहे. पावसाळ्यात पाणी ओढ्यांत, तळ्यांत आणि डबक्यांत साठते, म्हैस त्या पाण्यात व चिखलात डुंबते, आणि त्याच ओलसर काठांवर तिचे रक्त पिणाऱ्या माश्या वाढतात. म्हशीच्या रक्तात राहणारा एक सूक्ष्म परजीवी, म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या शरीरावर जगणारा जीव, या माश्यांच्या सोंडेला लागून एका जनावरातून दुसऱ्यात जातो, आणि त्यातून जो रोग उद्भवतो त्याला सर्रा असे नाव आहे. या रोगाच्या शास्त्राचा जन्म भारतात झाला आणि त्याच्या पहिल्या अभ्यासकांपैकी दोघांचे काम मुंबई व पुण्याशी जोडलेले होते. तरीही सर्राचा लिखित इतिहास दीर्घकाळ घोड्याचा इतिहास राहिला. ज्या जनावरावर शेतकऱ्याचा संसार चालतो ती म्हैस त्यात रोगाचा साठा म्हणून लवकर नोंदली गेली, पण स्वतः उपचारास पात्र असलेला रोगी म्हणून तिची दखल फार उशिरा घेतली गेली. हा उशीर कसा घडला आणि त्याचे परिणाम आजच्या गोठ्यापर्यंत कसे पोहोचले, हे या प्रदेशाच्या संदर्भात पाहणे आवश्यक आहे.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी रोगाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. सर्राचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या नावाने ओळखला जातो. तो एकपेशीय असून लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि अंगालगतच्या लाटेसारख्या पडद्याच्या व शेपटीसारख्या तंतूच्या साहाय्याने रक्तद्रवात सळसळत पोहतो. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशींच्या आत शिरतो, हा मात्र पेशींच्या बाहेर राहतो आणि रक्तातील साखरेवर जगतो, म्हणूनच रोगी जनावर झपाट्याने अशक्त होते. त्याचे आफ्रिकेतील भाईबंद त्सेत्से माशीच्या शरीरात वाढीची एक अवस्था पार पाडतात. सर्राच्या परजीवीने ती क्षमता गमावली आहे, त्यामुळे त्याला माशीच्या पोटात वाढावे लागत नाही. एका जनावराचे रक्त पिताना शेपटीच्या फटकाऱ्याने उडालेली माशी काही मिनिटांत शेजारच्या जनावरावर बसली, की तिच्या सोंडेवरील ओल्या रक्तातून संसर्ग पोहोचतो. गोमाशी किंवा घोडमाशी म्हणून ओळखली जाणारी टॅबॅनस वर्गातील मोठी माशी या कामात सर्वांत प्रभावी ठरते, कारण तिचा चावा वेदनादायक असतो, जनावर तिला वारंवार हुसकावते आणि ती पोट भरेपर्यंत अनेक जनावरांवर बसते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत या माश्यांची संख्या वाढते, आणि रोगाचे प्रमाणही त्याच काळात चढते.

या परजीवीची आणखी एक शक्ती त्याच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. त्याच्या पृष्ठभागावर प्रथिनाचे दाट आवरण असते. जनावराच्या शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकार उभा केला, की बहुतेक परजीवी मरतात, पण ज्यांनी दरम्यान वेगळ्या प्रथिनाचे आवरण धारण केलेले असते ते वाचतात आणि पुन्हा वाढतात. म्हणून ताप येतो, उतरतो आणि काही दिवसांनी परत येतो, आणि याच कारणामुळे सर्राविरुद्ध आजतागायत लस तयार झालेली नाही. घोड्यात आणि उंटात ही झुंज बहुधा जनावराच्या मृत्यूने संपते. म्हशीत आणि गाईबैलांत मात्र ती पुष्कळदा बरोबरीवर थांबते, म्हणजे रक्तात थोडे परजीवी उरतात, जनावर वरकरणी धडधाकट दिसते आणि महिनोन्‌महिने रोग वाहत राहते. त्या तहाचीही किंमत असतेच. दूध कमी होते, तांबड्या पेशी घटून अंगात रक्त उरत नाही, म्हैस गाभडते, माजावर येण्याचे चक्र बिघडते आणि वजन उतरते. उन्हाळ्याचा ताण, चाऱ्याची टंचाई, लांबचा प्रवास किंवा दुसरा एखादा रोग यांनी तोल बिघडला, की सुप्त संसर्ग अचानक उग्र होतो. मग तीव्र ताप चढतो, म्हैस गरगर फिरू लागते, भिंतीला किंवा गव्हाणीला डोके टेकून उभी राहते, कोसळते आणि काही वेळा तासाभरात दगावते.

बीदरच्या प्रदेशात घोडा आणि म्हैस यांचे सहजीवन मध्ययुगापासून कागदोपत्री दिसते. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला हलविली, आणि त्या राज्याचे लष्करी बळ समुद्रमार्गे आणलेल्या घोड्यांवर उभे राहिले. होर्मुझसारख्या बंदरांतून निघालेले घोडे चौल आणि दाभोळ येथे उतरत व घाट चढून दख्खनच्या बाजारांत येत. १४७०च्या सुमारास बीदरला आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितीन स्वतः एक घोडा विकण्यासाठी घेऊन आला होता. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद येथे शेख अलाउद्दीनच्या दर्ग्याजवळ भरणाऱ्या यात्रेचे वर्णन त्याने केले असून तेथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात असे नोंदविले आहे. त्याची दुसरी एक नोंद या निबंधाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. या देशात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी मात्र येथेच जन्मतात व ओझी वाहण्यासाठी आणि बसण्यासाठीही वापरल्या जातात, असे त्याने लिहिले आहे. दूरदेशाहून आलेला, या हवेतील रोगांना नवखा घोडा आणि येथील पाण्यात व माश्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली म्हैस एकाच बाजारात, एकाच पाणवठ्यावर येत होती. रक्तातील परजीवीच्या प्रसाराला जी परिस्थिती लागते, ती दख्खनच्या घोडेबाजारांनी आणि छावण्यांनी शतकानुशतके पुरविली. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे घोडदळ हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि इतर ठाण्यांवर राहत असे, आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे आणि गुरे आजही एकाच माळावर विकली जातात.

सर्राचा शास्त्रीय शोध मात्र दख्खनपासून दूर, सिंधू नदीच्या काठी लागला. ब्रिटिश लष्करातील वेल्श पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० साली डेरा इस्माइल खान येथे घोड्यांत व उंटांत पसरलेल्या जीवघेण्या रोगाच्या तपासणीसाठी पाठविण्यात आले. त्यांनी रोगी जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्यात सळसळणारे जीव त्यांना दिसले, आणि ते रक्त निरोगी जनावरांना टोचून तेच जीव रोगाचे कारण असल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्याआधी दोनच वर्षे टिमथी लुईस यांनी कलकत्त्यात उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते, पण उंदीर ठणठणीत असल्याने अशा जीवांना निरुपद्रवी मानण्याकडे तज्ज्ञांचा कल होता. साहजिकच इव्हान्स यांच्या निष्कर्षाला वरिष्ठांकडून थंड प्रतिसाद मिळाला. सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोम सर्वप्रथम या तपासणीत ओळखला गेला, आणि आफ्रिकेतील नागाना या जनावरांच्या रोगाबाबत डेव्हिड ब्रूस यांनी केलेले काम त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी आले, हे लक्षात घेतले म्हणजे इव्हान्स यांच्या कामगिरीची उंची कळते.

या शोधाला मुंबईशी जोडणारा दुवा जॉन हेन्री स्टील हे होत. ब्रह्मदेशात लष्कराची ओझी वाहणारी खेचरे मोठ्या संख्येने मरू लागली, तेव्हा १८८५ साली स्टील यांनी त्या रोगाचा तपास केला, रक्तात तोच जीव ओळखला आणि इव्हान्स यांच्या नावावरून त्याला जातिनाम दिले. त्याचा वर्ग ठरविताना स्टील यांचा अंदाज चुकला, तरी इव्हान्स यांचे नाव त्या जीवाला कायमचे चिकटले. दुसऱ्याच वर्षी, १८८६ मध्ये, मुंबईत परळ येथे दिनशा माणेकजी पेटीट यांच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई पशुरुग्णालयाच्या जोडीने मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. १८९१ साली त्यांचा अकाली मृत्यू झाला, पण पश्चिम भारतातील देशी पशुवैद्यांची पहिली पिढी सर्राच्या परजीवीला नाव देणाऱ्याच माणसाच्या हाताखाली घडली.

दुसरा दुवा पुण्याचा आहे. बुळकांडीसारख्या साथींनी गुरांचा होणारा संहार रोखण्यासाठी सरकारने डिसेंबर १८८९मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन केली आणि आल्फ्रेड लिंगार्ड यांची तिच्यावर नेमणूक केली. जंतूंवरील धोकादायक प्रयोगांसाठी वस्तीपासून दूर व थंड जागा हवी, म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. लिंगार्ड यांनी घोड्यांतील सर्रावर मोठे अहवाल प्रसिद्ध केले. १८९९च्या त्यांच्या अहवालाच्या शीर्षकात घोडे आणि गुरे यांच्यानंतर म्हशींचा आणि मग कुत्र्यांचा उल्लेख आहे. म्हणजे म्हशीच्या रक्तात हा रोग राहतो हे एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी शास्त्राला ठाऊक होते. दोन वर्षांनी, १९०१ मध्ये, लिओनार्ड रॉजर्स यांनी मुक्तेश्वर येथील प्रयोगांतून चावऱ्या माश्या हा रोग पसरवितात हे सिद्ध केले. उंटवाल्यांमध्ये आणि पशुपालकांमध्ये माश्यांबद्दल जो समज पूर्वीपासून होता, त्याला यातून प्रयोगाचा आधार मिळाला.

गुरे वरकरणी निरोगी राहूनही रोग वाहतात, याचे पुरावे याच काळात समुद्रापार मिळाले. १९०१च्या सुमारास भारतातून मॉरिशसला नेलेल्या गुरांबरोबर सर्रा त्या बेटावर पोहोचला आणि तेथील घोडे व खेचरे यांचा त्याने जवळजवळ नायनाट केला. १९०६ साली टेक्सासमधील एका पशुपालकाने भारतातून वशिंडाची जनावरे अमेरिकेत नेली, तेव्हा बंदरावरील विलगीकरणात त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात सर्राचे परजीवी सापडले आणि ती जनावरे मारावी लागली. ती कळपात मिसळली असती तर एका खंडाला हा रोग कायमचा जडला असता. या घटनांतून जो धडा घेतला गेला, तो जनावराकडे पाहण्याची दृष्टी दाखवितो. गोवंश आणि म्हैस यांच्याकडे घोड्यांना धोका पोहोचविणारा साठा म्हणून पाहिले गेले. घोड्यांच्या तबेल्यांपासून गुरे दूर ठेवावीत, लष्करी तळांजवळ त्यांना चरू देऊ नये, असे उपाय सुचविले गेले. कायद्याचीही दिशा हीच होती. १८९९चा ग्लँडर्स आणि फार्सी कायदा घोडे, गाढवे व खेचरे यांच्या रोगांपुरता होता आणि रोगी जनावर शोधून नष्ट करण्याचे अधिकार त्याने दिले. गोठ्यात हळूहळू झिजणाऱ्या म्हशीसाठी अशी कोणतीही यंत्रणा नव्हती. यामागे निव्वळ दुर्लक्ष होते असे मानणे अपुरे ठरेल. घोडा म्हणजे सैन्याची हालचाल, आणि म्हणून त्याच्या मृत्यूची मोजदाद होत असे. म्हशीचे नुकसान दुधाच्या घटलेल्या शेरांत आणि गाभडलेल्या वेतांत विखुरलेले होते, ते शेतकऱ्याच्या घरातच राहत असे आणि कोणत्याही सरकारी वहीत चढत नसे. त्यातच बुळकांडी, घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या-खुरकूत यांसारखे रोग एका आठवड्यात दावण रिकामी करीत, त्यांच्यापुढे सुप्त रक्तरोग दुय्यम ठरणे स्वाभाविक होते.

या काळात बीदर, भालकी, उदगीर या भागांतील पशुपालकाचा आधार त्याच्या स्वतःच्या निरीक्षणावर आणि परंपरेवर होता. संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करणे, अंगाला करंजाचे तेल चोळणे, भर दुपारी म्हशीला चिखलात लोळू देणे हे उपाय रोगाचे कारण न कळताही माशीला दूर ठेवीत होते, आणि त्यांचे मोल आजचे शास्त्रही मान्य करते. तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा मात्र जनावराला वेदना देण्यापलीकडे काही साधत नव्हती. भालकी तालुक्यातील खानापूरच्या मैलार मल्लण्णाला, ज्याला मराठी भाविक खंडोबा म्हणून पूजतात, गुरांचा रक्षक मानून त्याचा भंडारा जनावरांना लावण्याची रीत याच असहायतेतून दृढ झाली. गोठ्यातील उपाय आणि प्रयोगशाळेतील ज्ञान यांच्यामध्ये कोणतीही वाट तयार झाली नव्हती. निजामाच्या राज्यातील या तालुक्यांना परळ किंवा मुक्तेश्वर ही ठिकाणे केवळ अंतराने दूर नव्हती, राज्यव्यवस्थेनेही दूर होती.

उपचारांचा इतिहास हा मानवी वैद्यकातील रासायनिक औषधांच्या जन्माशी गुंतलेला आहे. लिंगार्ड यांनी घोड्यांत संखियाचा, म्हणजे आर्सेनिकचा, वापर करून पाहिला. काही घोडे वाचत, पण विषाची आणि औषधाची मात्रा यांत अंतर फार थोडे असे. जर्मनीत पॉल एर्लिख यांनी परजीवीला रंगविणारा रंग त्याला मारूही शकेल, या कल्पनेवरून कापडाच्या रंगांची चाचणी सुरू केली, आणि १९०४ साली कियोशी शिगा यांच्यासह ट्रिपॅन रेड हा रंग ट्रिपॅनोसोमाविरुद्ध परिणामकारक असल्याचे दाखविले. याच वाटेने पुढे जात बायर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९१६ च्या सुमारास रंगहीन असे एक संयुग तयार केले. बायर २०५ या क्रमांकाने ते प्रसिद्ध झाले, पशुवैद्यकात ते नागानॉल म्हणून विकले गेले आणि आज ते सुरामिन या नावाने ओळखले जाते. कंपनीने त्याची रचना गुप्त ठेवली, तेव्हा पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील अर्नेस्ट फुर्नो यांनी स्वतंत्रपणे ती शोधून १९२४ मध्ये जाहीर केली. मुक्तेश्वरचे संचालक जे. टी. एडवर्ड्स यांनी भारतातील घोड्यांच्या आणि गुरांच्या सर्रावर या औषधाचे प्रयोग करून १९२६ साली विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. बुळकांडीविरुद्धच्या लशीसाठी पुढे जगभर नाव मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या कामात गुरांच्या सर्राला घोड्याच्या बरोबरीने जागा मिळाली, हे त्या निबंधाचे ऐतिहासिक महत्त्व आहे. मात्र शिरेतून द्यावे लागणारे हे महाग औषध खेड्यातील म्हशीपर्यंत पोहोचण्याची शक्यता नव्हती.

ती शक्यता दुसऱ्या महायुद्धानंतर निर्माण झाली. इंग्लंडमधील आयसीआय या कंपनीच्या कर्ड आणि डेव्ही या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये क्विनापायरामिन हे औषध पुढे आणले. ते कातडीखाली टोचता येते. त्याचे सल्फेट हे रूप लवकर शोषले जाऊन रोग बरा करते, तर क्लोराइड हे रूप सावकाश विरघळत असल्याने दोन्हींच्या मिश्रणाने काही महिने संरक्षणही मिळते. म्हशीसाठी सल्फेटची मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम धरली जाते, आणि टोचलेल्या जागी दुखरी सूज येत असल्याने ती मात्रा दोन-तीन ठिकाणी विभागून देण्याची पद्धत आहे. १९५५ मध्ये जर्मनीतील हेक्स्ट कंपनीचे डिमिनाझिन हे औषध आले. ते स्नायूत टोचायचे असून ट्रिपॅनोसोमा आणि गोचिडांमार्फत पसरणारा बॅबेसिया या दोन्ही परजीवींवर चालते. त्यानंतर आयसोमेटामिडियम आले. आज म्हशीच्या सर्रावर जी औषधे वापरली जातात त्यांची यादी येथे जवळजवळ संपते, म्हणजे सहा-सात दशकांपूर्वीच्या रेणूंवरच सारा भार आहे. अपुऱ्या मात्रेने टोचल्यास जे परजीवी वाचतात ते औषधाला दाद न देणारी संतती वाढवितात. आफ्रिकेत क्विनापायरामिनला अशा प्रतिकाराचा अनुभव आल्यावर १९७०च्या दशकात ते बाजारातून काढून घ्यावे लागले आणि १९८०च्या दशकात प्रामुख्याने उंटांसाठी परत आणावे लागले. यांतील बहुतेक औषधे मेंदूपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत, म्हणून गरगर फिरण्याची लक्षणे दिसू लागल्यानंतर उपचारांचे यश अनिश्चित होते. साखरेची सलाइन, लोहाची व यकृताची औषधे आणि पोषक आहार ही जोड जनावराला सावरण्यासाठी द्यावी लागते.

सर्राबरोबरच गोचिडांमार्फत पसरणारे दोन रक्तरोग या इतिहासात येतात. बॅबेसिया हा परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो, त्यामुळे लघवी तांबडी होते आणि जनावर पांढरे पडते. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ साली हा रोग गोचीड पसरविते हे सिद्ध केले, आणि संधिपाद जीव परजीवीचा वाहक ठरल्याचे ते पहिल्या पुराव्यांपैकी एक होते. त्यावर १९०९ मध्ये ट्रिपॅन ब्लू हा रंग औषध म्हणून उपयोगी ठरला आणि पुढे डिमिनाझिनने त्याची जागा घेतली. दुसरा रोग थायलेरियोसिस, ज्याला गावोगावी गोचीड ताप म्हणतात. थायलेरिया अॅन्युलाटा हा परजीवी प्रथम पांढऱ्या पेशींत वाढतो, त्यामुळे लसीकाग्रंथी सुजतात, आणि नंतर तो तांबड्या पेशींत उतरतो. आशियाई म्हैस हीच या परजीवीची मूळ यजमान असावी असे अनेक परजीवीशास्त्रज्ञ मानतात, कारण ती त्याच्यासह दीर्घकाळ जगते, तर विदेशी रक्ताची संकरित गाय त्याने लवकर कोलमडते. १९८०च्या दशकात विकसित झालेल्या बुपार्वाक्वोन या औषधाने, जे दर किलोमागे २.५ मिलिग्रॅम मात्रेत स्नायूत दिले जाते, या रोगातील मृत्यू मोठ्या प्रमाणात रोखले, आणि भारतात त्यावर क्षीण केलेल्या परजीवीची लसही तयार झाली. सर्राच्या बाबतीत लशीचा मार्ग बंद असल्याने निदान आणि उपचार यांवरच सारी मदार राहिली.

स्वातंत्र्यानंतर सीमाभागाच्या पशुवैद्यकाचे चित्र बदलले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीच्या राज्य पुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा विभागला गेला. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात आले. झहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. माणसांच्या भाषेवर आणि कारभारावर या रेषेचा परिणाम झाला, पण जनावरांच्या बाजारांवर आणि माश्यांवर तिचा अंमल कधीच चालला नाही. उदगीरच्या बाजारातील म्हैस भालकीला येत राहिली आणि भालकीची उदगीरला जात राहिली. परभणी, उदगीर आणि बीदर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली, आणि २००४च्या कायद्याने कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू आणि मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बीदर येथेच आले. ज्या प्रदेशाला एकेकाळी जवळचा पशुवैद्य मिळत नव्हता, त्याच्या दोन्ही बाजूंना आता पशुवैद्यकाची विद्यापीठे काम करीत आहेत. त्याच काळात १९७०पासूनच्या दूधमहापूर योजनेने, सहकारी दूधसंघांनी आणि मुऱ्हा जातीच्या प्रसाराने म्हशीची किंमत वाढविली, आणि लांबच्या राज्यांतून आणलेल्या जनावरांबरोबर रक्तातील परजीवींचा प्रवासही वाढला. गावरान म्हैस संसर्ग सोसून उभी राहत असे, पण अधिक दूध देणाऱ्या जनावरावरील ताण मोठा असल्याने सुप्त रोगाची किंमतही मोठी झाली. म्हैस अखेर रोगी म्हणून दिसू लागली ती या आर्थिक बदलामुळे.

निदानाच्या साधनांनीही तिला दृश्य केले. म्हशीच्या रक्तात परजीवी इतके थोडे असतात की काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब तपासून ते बहुधा सापडत नाहीत, आणि ‘तपासणीत काही आढळले नाही’ या शेऱ्याखाली असंख्य म्हशी उपचाराविना राहिल्या. बारीक नळीत रक्त वेगाने फिरवून परजीवी एका थरात गोळा करण्याची वू यांची पद्धत १९७०च्या सुमारास आली, त्यानंतर रक्तातील प्रतिद्रव्ये काचेवर गुठळी धरवून ओळखणाऱ्या चाचण्या आल्या, आणि १९९०च्या दशकापासून परजीवीच्या जनुकीय अंशाची संख्या वाढवून तो ओळखणारी पीसीआर चाचणी वापरात आली. या चाचण्यांनी निरोगी समजल्या गेलेल्या म्हशींतील संसर्ग उघड केला. २००० साली ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात अनेक वाघ या रोगाने मेले आणि साठ्याचा प्रश्न देशभर चर्चेला आला. त्याहून मोठा धक्का महाराष्ट्रातून मिळाला. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचे परजीवी सापडले, आणि मनुष्यात या जातीचा संसर्ग निर्विवादपणे सिद्ध झाल्याची ती जगातील पहिली नोंद ठरली. माणसाच्या रक्तातील एपीओएल१ हे प्रथिन या परजीवीला मारते. या रोग्याच्या शरीरात ते प्रथिन नव्हते, असे पुढील संशोधनात दिसून आले. एकेकाळी घोड्यांसाठी नागानॉल म्हणून विकल्या गेलेल्या सुरामिननेच तो बरा झाला.

कायद्यानेही उशिरा का होईना दिशा बदलली. २००९च्या पशूंमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने १८९९च्या घोड्यांपुरत्या कायद्याची जागा घेतली आणि गुरे-म्हशींचे रोग त्याच छत्राखाली आले. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १० कोटी ९८ लाख म्हशी आहेत, आणि सर्राच्या धोरणाच्या केंद्रस्थानी आता हेच जनावर असले पाहिजे. सव्वाशे वर्षांचा हा इतिहास एक निर्णय स्पष्टपणे देतो. ज्ञान अपुरे होते म्हणून म्हशीला उपचार मिळाला नाही असे घडले नाही. १८९९ मध्ये तिच्या रक्तातला रोग कळलेला होता आणि १९४९ मध्ये तिला परवडणारे औषधही आले होते. उणीव होती ती तिच्या हळूहळू होणाऱ्या नुकसानीला नुकसान मानण्याची. मेहकर, भालकी, उदगीर आणि निलंग्याच्या पशुपालकांसाठी आजचे कर्तव्य साधे आहे. बाहेरून आणलेली म्हैस दावणीला बांधण्यापूर्वी तिचे रक्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, पावसाळ्यात वारंवार येणारा-जाणारा ताप, घटलेले दूध किंवा गाभडणे यांना नशिबाचा भाग न मानता पशुवैद्याला दाखवावे, आणि औषधाची मात्रा जनावराच्या वजनानुसार पूर्ण द्यावी. दोन्ही राज्यांच्या पशुसंवर्धन विभागांनी सीमेवरील बाजारांत ही तपासणी एकत्रितपणे आणि विनामूल्य उपलब्ध केली पाहिजे, कारण परजीवीला १९५६ची सीमारेषा माहीत नाही आणि त्याच्याविरुद्धची व्यवस्था त्या रेषेवर थांबणे परवडणारे नाही.